प्रेस शॉपसाठी सेफ्टी ॲप: व्हॉट्सॲप ग्रुप, गूगल फॉर्म की सेफ्टीकल्चर?

भोसरीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये (प्रेसवर पत्रा दाबून भाग बनवतो) साठेक माणसं, दोन पाळ्या. सेफ्टी ऑफिसर नेमायची सक्ती आम्हाला नाही. कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेत (2020 चा केंद्रीय कायदा) ती 500 कामगारांपासून आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 पासून. त्यामुळे प्रॉडक्शनबरोबर सेफ्टीही माझ्याकडेच.

आधी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. फुकट, सगळ्यांना येतं, व्हॉइस मेसेजही टाकता येतो. पण एका सकाळी ऑपरेटरने फोटो टाकला: जुन्या पॉवर प्रेसच्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं. दोन्ही हात गुंतलेले राहावेत म्हणून तर दोन बटणं असतात. एक हात मोकळा सुटला की तो डायखाली (प्रेसच्या साच्याखाली) जाऊ शकतो. तिघांनी ‘ओके’ लिहिलं, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. पट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच होती, कारण ती काढायची कुणी हे ठरलंच नव्हतं. कुणाला इजा झाली नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तातडीचा निरोप द्यायला ग्रुप आजही वापरतो. नोंद ठेवायला मात्र नाही.

गूगल फॉर्म हा पुढचा स्वस्त पर्याय. प्रश्न मराठीत, उत्तरं थेट शीटमध्ये. अडचण दोन ठिकाणी येते. फोटो जोडायचा तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि आमच्या निम्म्या हेल्परांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. शिवाय शेडच्या मागच्या बाजूला रेंज नसते. मशीनची रोजची चेकलिस्ट सुपरवायझरच भरणार असेल, तर फॉर्म पुरेसा आहे.

सेफ्टीकल्चर (पूर्वीचं आयऑडिटर) हे तपासण्या आणि तक्रारी नोंदवायचं ॲप इथे उजवं ठरतं. तपासणी नेटशिवाय भरता येते, रेंज आली की सिंक होते. चेकलिस्टचे प्रश्न आपण मराठीत लिहू शकतो. क्यूआर कोड भिंतीवर लावला की लॉगिन न करताही तक्रार नोंदवता येते. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक त्रुटी एका माणसाच्या नावावर, तारखेसह टाकता येते. ती चिकटपट्टी आज सापडली तर मेंटेनन्सवाल्याच्या नावावर जाईल आणि त्याने काम झाल्याची नोंद करेपर्यंत बाकी दिसेल. छोट्या टीमसाठी मोफत प्लॅन आहे; माणसं वाढली की दर माणशी पैसे.

वर्क परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी), लोटो (दुरुस्तीवेळी मशीनचा वीजपुरवठा बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), कंत्राटदारांचं प्रशिक्षण असं सगळं एकत्र सांभाळणारी मोठी ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) सॉफ्टवेअर रासायनिक कारखान्याला हवीतच. आमच्या आकाराच्या शॉपने त्या वाटेला जाऊ नये, निम्मे मॉड्यूल कोरे राहतील.

ॲप घेतलं की अपघात सरकारला आपोआप कळतो, हा गैरसमज काढून टाका. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर शासनाला कळवावं लागतं, आणि ते काम आपलंच. ॲपमधून फोटो, वेळ, मागच्या तपासण्या हाताशी मिळतात, एवढंच.

पैसे भरण्याआधी रात्रपाळीतल्या सगळ्यात नवख्या हेल्परच्या हातात फोन द्या, तेलकट हातानेच, आणि एक निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) नोंदवायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, काही सांगू नका. मिनिटभरात जमलं नाही तर पुढचं ॲप बघा. आणि ॲप सोडताना सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढता येतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.