जुन्या वॅगनआरचे ट्यूनअप : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आमची वॅगनआर 2014 सालची आहे. 998 सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पुण्यातली रोजची ये-जा आणि अधूनमधून साताऱ्याची फेरी, असा तिचा वापर. मार्चच्या सुमारास गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली, खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मध्येच मिसिंग मारू लागली (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटल्याने झटके खाऊ लागली) आणि सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागू लागला. याआधीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ट्यूनअप’ अशी एकच ओळ आणि तिच्यासमोर एक ठोक रक्कम होती. त्या रकमेत नेमके काय केले, हे तिथल्या कोणालाच सांगता आले नाही. म्हणून या वेळी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये प्रत्येक काम जॉब कार्डवर स्वतंत्र लिहून घेतले आणि जिथे मोजमाप शक्य होते तिथे आकडाही टाकून घेतला.

कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या) काळात ट्यूनअप हे खरोखरच जुळवाजुळवीचे काम होते : पॉइंट घासायचे, डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचे टायमिंग बसवायचे, स्क्रू पिळून आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) लावायचे. आताच्या इंजिनात टायमिंग आणि पेट्रोलचे प्रमाण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, त्यामुळे मेकॅनिकच्या हाती उरते ते तपासणे, साफ करणे आणि झिजलेले बदलणे. त्यामुळे तपासणीच झाली नसेल, तर बिलातल्या त्या ओळीला काही अर्थ राहत नाही.

सर्वांत उपयोगी ठरले ते ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढून बघणे. तिन्ही प्लग फडक्यावर ओळीने ठेवले, तेव्हा कडेच्या दोघांच्या टोकाचा रंग फिकट बिस्किटी होता, मधल्याचे टोक मात्र काजळीने काळे पडले होते आणि त्याच्या आट्यांवर ताजे ऑइल चमकत होते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावल्यावर तिघांचाही गॅप गाडीच्या पुस्तिकेतल्या मापापेक्षा वाढलेला निघाला. परंतु केवळ नवे प्लग टाकून भागले नसते; टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग कडक होऊन मधल्या प्लगच्या खड्ड्यात ऑइल झिरपत होते आणि त्या ऑइलने प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचा रबरी बूट फुगवला होता, त्यामुळे इंजिनावर भार आला की ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत पोहोचण्याऐवजी बाहेरच्या बाहेर उडत होती. घाटातल्या मिसिंगचे मूळ तिथे होते. पॅकिंग, बूट आणि तिन्ही प्लग बदलल्यापासून ते एकदाही जाणवलेले नाही. निकेलचे साधे प्लग साधारण 30 ते 40 हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे त्याच्या दुपटीहून अधिक; मी साधेच घेतले, कारण या गाडीचे एवढे धावणे आता होणार नाही.

इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या पाकळीमागे काजळीचे काळे कडे जमले होते. ते क्लीनर आणि मऊ कापडाने पुसून काढले, मग ईसीयूला जोडायच्या स्कॅनरने आयडलची सेटिंग नव्याने शिकवून घेतली. ही शेवटची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते आणि मग साफसफाईनंतर रेस चढलेली राहते किंवा गाडी बंद पडते. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणात ईसीयू करत असलेली दुरुस्ती, पाहून घेतली. ती उणे किंवा अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. कागदी एअर फिल्टरला हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण जोराच्या हवेने कागद फाटू शकतो आणि मग धूळ थेट इंजिनात जाते. नवा फिल्टर टाकला.

ब्रेक ऑइलचा ट्यूनअपशी थेट संबंध नाही, तरी त्याच भेटीत ते बदलून घ्यावे. ते हवेतली आर्द्रता शोषते. डॉट 4 दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर मात्र तो 155 पर्यंत उतरू शकतो, आणि पावसाळ्यात ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक सतत दाबावे लागतात तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. दर दोन वर्षांनी बदल, इतके लक्षात ठेवले तरी पुरे. बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना 14 च्या आसपास दिसली, म्हणजे चार्जिंग ठीक. टायरची हवा गार असतानाच तपासावी. इंजिन फ्लश, कोटिंग आणि एसीचा सुगंधी फवारा यांना मी नकार दिला. पुस्तिकेत त्यांचा उल्लेख नाही आणि त्यांच्यावाचून काही अडलेही नाही.

आता परिणामांबद्दल. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, घाटात पिकअप सलग मिळतो आणि पीयूसीच्या वेळी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या बराच आत आला. मायलेज लिटरमागे साधारण एक किलोमीटरने वाढले, पण त्यातला काही वाटा टायरच्या हवेचा असणार. आणि पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असल्यावर, त्यातली उष्णता मुळातच कमी असल्याने, याहून मोठी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ट्यूनअपने मायलेज दीडपट होईल असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे गाडी देऊ नये.

एक तक्रार मात्र पूर्ण गेलेली नाही. एसी चालू करून सिग्नलला थांबले की स्टिअरिंगमध्ये अजून हलका थरथराट येतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात तो थोडा असतोच, पण गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस दिली की इंजिन एका बाजूला जरा जास्तच उचलले जाते, त्यावरून त्या बाजूच्या माउंटिंगचे (इंजिन ज्यावर बसते त्या आधाराचे) रबर बसले असावे असे मेकॅनिकचे मत आहे. दिवाळीनंतर नाना पेठेतून माउंटिंग आणून ते काम आणि कूलंटची बदली एकदमच करून घेणार आहे.