नाशिकच्या अंबडमधली लेबर एजन्सी : दोनच स्टार
या एजन्सीमार्फत अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर लागलो. काम चार दिवसांत मिळालं, त्याचे दोन स्टार. बाकी नुसती बोंब. पगारातून पीएफचे 12 टक्के कापले, पण पासबुकात तीन महिने भरणाच नाही. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, हातात आला एकेरी. आणि 240 दिवस भरले की सलग नोकरीचे हक्क लागतात, म्हणून त्याच्या आतच ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. नवा गेटपास, परत हेल्परच्या दराने सुरुवात! वर म्हणतात, पोरं टिकत नाहीत. अहो, टिकू कुठे देता? शेजारच्या मशीनवरचा पोरगा सिन्नरहून पहाटेची एसटी धरून यायचा, टूल ऑफसेट, म्हणजे मशीनला टूलचं माप देणं, चुटकीसरशी लावायचा. महिना पाचशे जास्त मिळाले म्हणून सातपूरला गेला. मी त्याला अडवलं नाही. सही करण्याआधी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर मागून घ्या.