आफ्रिकेतल्या प्राण्यांसाठी: पंधरा दिवस तिथे जावं, की इथूनच हातभार लावावा?

समजा, दोन वर्षं पैसे साठवलेत, पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे आणि ताडोबात पहिला वाघ पाहिल्यापासून एकच ध्यास लागलाय: आफ्रिकेत जाऊन प्राण्यांसाठी काहीतरी करायचं. इंटरनेटवर शोधायला बसलात की सगळ्यात आधी दिसतो तो सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजणारा हसरा स्वयंसेवक.

हा पर्याय मी सुरुवातीलाच बाद करते. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंहांची पैदास बंदिस्त आवारात झालेली आहे. अशा कित्येक ठिकाणी बछडी काही दिवसांची असतानाच आईपासून तोडली जातात आणि ‘अनाथ’ म्हणून पैसे भरून आलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर दिली जातात. माणसाळलेला सिंह पुढे जंगलात सोडता येत नाही. मोठा झाला की तो कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांसाठी विकला जातो. 2021 मध्ये तिथल्या सरकारनेच ही पैदास थांबवण्याचं धोरण जाहीर केलं. बछड्यांना हात लावू देणारी जागा कितीही गोड बोलली, तरी तिथे एक रुपयाही देऊ नका.

आता खऱ्या पर्यायांकडे येऊ. दोन हत्तींचे आहेत, पण स्वभावाने अगदी उलट.

पहिला नामिबियातला. देशाच्या वायव्य भागात, उगाब नदीच्या कोरड्या पात्रात वाळवंटाला सरावलेले हत्ती फिरतात. आसपासचे लोक शेळ्या-मेंढ्यांवर जगतात. पवनचक्कीने बोअरचं पाणी टाकीत चढवायचं आणि त्यावर घर आणि जनावरं दोन्ही भागवायची. तहानलेला हत्ती आला की पाइप, टाकी, पंप सगळं मोडून जातो. एलिफंट-ह्यूमन रिलेशन्स एड, म्हणजे ‘एहरा’ ही संस्था स्वयंसेवकांना घेऊन या पाणवठ्यांभोवती दगड-सिमेंटच्या भिंती बांधते. पहिला आठवडा दगड वाहायचे आणि माल कालवायचा. दुसऱ्या आठवड्यात माग काढणाऱ्यांसोबत हत्तींच्या कळपांची नोंद करत हिंडायचं.

मला हे काम मनापासून आवडतं. भिंत शेतकऱ्याला हवी आहे, हत्तीला कुणी हात लावत नाही, आणि तुम्ही परत आल्यावरही भिंत उभी राहते. जुन्नरच्या उसात बिबट्याशेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याला यातलं मर्म समजावून सांगावं लागणार नाही. जंगली जनावर सगळ्यांना हवं असेल, तर त्याच्या शेजाराचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्याच माथी का?

‘काम आपणच करायचं आणि वर पैसेही आपणच भरायचे?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. हो, भरायचे. सिमेंट, डिझेल, वाटाड्यांचे पगार त्यातूनच निघतात. विमानभाडं वेगळं. बांधकामाच्या आठवड्यात आंघोळ विसरा, कंबरदुखी असेल तर पुन्हा विचार करा, शाकाहारी असाल तर आधी कळवा.

दुसरा पर्याय नैरोबीतला, आणि तिथे तुमचे हात नकोच आहेत. शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टची स्थापना 1977 ची. शिकार, दुष्काळ किंवा विहिरीत पडणं, अशा कारणांनी आईपासून तुटलेली हत्तीची पिल्लं तिथे वाढवतात. स्थानिक राखणदार दर तीन तासांनी बाटली देतात, रात्री पिल्लांसोबत गोठ्यातच झोपतात. या शिस्तीमागे एक दुःखद अनुभव आहे. 1974 मध्ये, पुढे हा ट्रस्ट स्थापन करणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी आयशा नावाचं तान्हं पिल्लू वाढवलं होतं. लेकीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस लांब गेल्या, तर आयशाने खाणंपिणं सोडलं आणि ती गेली. एकाच माणसाचा इतका लळा पिल्लाच्या जिवावर बेततो, हे त्यातून कळलं. म्हणून आता राखणदार आलटून पालटून असतात. पंधरा दिवस माया लावून निघून जाणारा पाहुणा या पिल्लांसाठी किती वाईट, हे वेगळं सांगायला नको.

तिथे तुम्ही करायचं ते पालकत्व. वर्षाला 50 डॉलरपासून एका पिल्लाचे पालक होता येतं आणि त्याची खबरबात नियमित कळते. एका पिल्लाला असे पुष्कळ पालक असतात, तेवढ्या पैशात ते वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. पिल्लू थोडं मोठं झालं की त्याला केनियातल्याच त्सावो राष्ट्रीय उद्यानाकडे नेतात, आणि रानातल्या कळपात पुरतं मिसळायला त्याला आणखी काही वर्षं लागतात. म्हणून इथे एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी न चुकता दिलेली छोटी रक्कम जास्त कामाची. नामिबियाच्या फक्त विमानभाड्यात एक पालकत्व दहा वर्षं तरी चालेल.

हत्तींपेक्षा माणसांच्या बाजूने मदत करायची असेल, तर उत्तर केनियातल्या सांबुरू भागात सिंहांसाठी काम करणारी ‘इवासो लायन्स’ ही संस्था आहे. केनियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातल्या शिवानी भल्ला यांनी ती 2007 मध्ये सुरू केली. सांबुरू तरुण सिंहांची माहिती पशुपालकांपर्यंत पोचवतात, म्हणजे गुरं त्या दिशेला जात नाहीत. ‘मामा सिंबा’ हा तिथल्या बायकांचा गट. माझ्या मते सिंह टिकवण्याचं काम हीच माणसं करू शकतात. बाहेरचा माणूस फार तर त्यांच्या पगाराला हातभार लावेल.

पैशांची व्यावहारिक बाजू अशी. भारतातून थेट परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात 80 जी ची सवलत मिळत नाही. शेल्ड्रिक ट्रस्टची अमेरिकेत नोंदणीकृत शाखा आहे, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या भावा-बहिणीने देणगी दिल्यास त्यांना तिथल्या करात सवलत घेता येते.

पैसेही नाहीत आणि रजाही नाही? मग झूनिव्हर्सवर बसा, म्हणजे सामान्य लोकांना घरबसल्या संशोधनात मदत करू देणाऱ्या संकेतस्थळावर. तिथे 2012 मध्ये सुरू झालेल्या स्नॅपशॉट सेरेंगेटी प्रकल्पात 225 कॅमेऱ्यांनी टिपलेले फोटो 28 हजारांहून जास्त नोंदणीकृत लोकांनी ओळखून दिले आणि त्यातून संशोधन उभं राहिलं. असे नवे प्रकल्प तिथे येत राहतात. निवृत्त आईवडील आणि शाळकरी मुलं एकत्र बसून हे करू शकतात.

मसाई माराची सहल ठरलीच असेल, तर राखीव क्षेत्राबाहेरच्या नाबोइशोसारख्या कन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिकांच्या जमिनीवर राखलेल्या वन्यजीव क्षेत्रात, दोन रात्री तरी काढा. महाग पडतं. पण 2010 पासून तिथे पाचशेहून अधिक मसाई जमीनमालकांना जमिनीचं भाडं मिळतंय, आणि म्हणून ती जमीन कुंपणं पडून तुकड्यांत गेलेली नाही.

मला निवडायचं असेल, तर विशी-पंचविशीतल्या, राबायची खरी तयारी असलेल्या मुलामुलींना मी नामिबियाला पाठवेन. बाकी सगळ्यांना पालकत्व किंवा सांबुरू. दुसरी कुठली संस्था मनात असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांना एक मेल लिहा: मी आले नाही तर हे काम कोण करेल? ‘गावातलाच माणूस, पगारावर’ असं उत्तर आलं, तर तिकीट काढू नका, त्याच्या पगाराला पैसे पाठवा. आणि केनियाला जाणारच असाल, तर पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर स्वयंसेवा चालते का हे आधी लेखी विचारून घ्या. यलो फीवरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी टोचून घ्या. परत येताना मुंबईच्या विमानतळावर त्या लशीचा दाखला मागतात.