घरच्या घरी गाडीचं पॉलिश: खान्देशातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी राखाडी मेटॅलिक हॅचबॅक, रंग कंपनीचाच, वर्षानुवर्षं जळगावच्या उन्हात उघड्यावर उभी राहिलेली. टप आणि बोनट फिके पडलेले, दरवाज्यांवर ऊन पडलं की बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसायची. डिसेंबरात घरीच डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशिंग मशीनने कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट), पॉलिश (त्याहून सौम्य पेस्ट) आणि वर सीलंट (रंग जपणारा लेप) असं सगळं काम केलं. मधे पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा गेला. रंगाची खोली आणि चकाकी टिकून आहे, सीलंट मात्र सगळीकडे सारखं टिकलं नाही. या भागात दोनच गोष्टींनी कामाचं सोनं किंवा माती होते: बोअरचं पाणी आणि कोरडा फडका. मशीन कोणतं घेतलं याचा नंबर त्यानंतर लागतो.

हात घालण्याआधी रंग पॉलिश होण्यासारखा आहे का ते बघा. टपावर पांढरे पापुद्रे सुटले असतील, कडा नखाने उचलली जात असेल, तर वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेला आहे. तिथे कोणतंही कंपाउंड चालणार नाही, पेंटरकडेच जावं लागेल. नख अडकतं तो ओरखडाही पूर्ण निघत नाही, फक्त त्याच्या कडा बोथट होतात. जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांवर कधी कधी क्लिअर कोट नसतोच. कोपऱ्यात कंपाउंड लावून पांढऱ्या फडक्याने घासून बघा. गाडीचाच रंग फडक्याला लागला तर कोट एकेरी आहे. तो छान उजळतो, पण पॅड लवकर भरतो.

क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्या उन्हात हा थरच रंगाची ढाल आहे. म्हणून प्रत्येक ओरखडा काढायचाच असा हट्ट धरू नका. सत्तर-ऐंशी टक्के जाळी गेली की थांबा. दरवर्षी रबिंग (बाहेरून कंपाउंडने घासून चमक) मारून घेणाऱ्यांच्या गाड्यांचे टप आधी का जातात, त्याचं उत्तर यातच आहे.

तयारीला अर्धा दिवस लागतो आणि तो वाचवू नये. शाम्पूने दोन बादल्यांत धुणं (एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी) झालं की आयर्न रिमूव्हर फवारा. रेल्वे यार्डाजवळ किंवा हायवेलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ब्रेकची लोखंडी धूळ रुतून बसलेली असते. दोन-तीन मिनिटांत डिकीच्या दारावर आणि चाकांमागच्या पट्टीवर जांभळे ओघळ उतरू लागतात. ते वाळायच्या आत धुवा. मग क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी): जातीने बारीक, भरपूर वंगण, जोर न लावता. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवला की उरलेली कणकण लगेच कळते. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या.

पाण्याच्या पांढऱ्या डागांसाठी व्हाइट व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या. गार पत्र्यावर, सावलीत, डागावर मिनिट-दोन मिनिटं ओला फडका ठेवून धुवायचं. क्षार विरघळून निघतात. त्यानंतरही गोल खड्डा दिसत असेल तर डागाने क्लिअर कोट खाल्ला आहे. तो कंपाउंडने थोडा कमी होतो, पूर्ण नाही.

आता मशीन. घरी डीएच घ्यावं, रोटरी नको. रोटरी एकाच जागी फिरते, उष्णता साठते आणि कडेवरचा रंग क्षणात उडतो. डीएमध्ये पॅड फिरता फिरता डुलतोही, त्यामुळे सवय नसलेल्या हाताला तो माफ करतो. ८ मिमी डुलणीचं मशीन अरुंद भागात सोपं जातं, १५ मिमीचं बोनट-टपावर पटापट काम करतं. ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची मशीनची चकती) आणि साडेपाच इंची पॅड ही जोडी हॅचबॅकला पुरते. कटिंगचे (कंपाउंडसाठी) ३ आणि फिनिशिंगचे (पॉलिशसाठी) ३ फोम पॅड लागतातच. एकाच पॅडवर अख्खी गाडी काढायला गेलात तर पॅड तापतो, मधला फोम वेल्क्रोपासून सुटतो, आणि जुन्या कंपाउंडचा चिखल नव्याला काम करू देत नाही. २५० मिली कंपाउंड एका गाडीला पुरून उरतं.

कडा, रबर पट्ट्या, काळं प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं पांढरं कंपाउंड काढणं हे पॉलिशपेक्षा जास्त वैतागाचं काम आहे.

नव्या पॅडवर पहिल्यांदा ४-५ वाटाण्याएवढे थेंब, पुढे प्रत्येक वेळी ३. दीड बाय दीड फुटाचा चौकोन. मशीनच्या १ नंबरच्या वेगावर पसरवा, मग ४-५ नंबरवर आडवे-उभे हात, निम्मा पॅड आधीच्या पट्ट्यावर चढवत. वेग सेकंदाला इंचभर. घाईने हात फिरवला की चमक येते, जाळी मात्र तशीच राहते. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवा. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती एकाच जागी थरथरत राहिली तर पॅड फिरायचा थांबला आहे: जोर जास्त झाला किंवा मशीन तिरकं झालं. चार-पाच आडवे-उभे फेरे झाले की पुसा आणि प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा.

आधी एकाच चौकोनावर सौम्य पॉलिश वापरून बघायचं. त्याने भागलं तर कंपाउंड उघडूच नका. निकाल बघताना पाण्यात १५ ते २५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसा, म्हणजे पॉलिशमधल्या तेलाने झाकलेले ओरखडे उघडे पडतात. बाहेरच्या स्वस्त रबिंगची चमक दोन-चार धुण्यांत उतरते ती याच कारणाने: ओरखडे भरलेले असतात, काढलेले नसतात.

बंपर प्लॅस्टिकचा. तो उष्णता पसरवत नाही, तेव्हा तिथे वेगही कमी आणि जोरही. दरवाज्याच्या उठावदार रेघेवर पॅड न नेलेलाच बरा, तिथे कोट सर्वांत पातळ असतो.

वेळ डिसेंबर-जानेवारीची सकाळ, आणि सावली. बोनटवर तळहात निवांत ठेवता आला पाहिजे. तापल्या पत्र्यावर कंपाउंड मिनिटात वाळतं, भुकटी उडते आणि नवीनच धूसरपणा येतो. होळीनंतर हे काम उघड्यावर काढू नये.

आता टिकण्याचं. एका फेंडरवर मुद्दाम मेण लावलं होतं, बाकी गाडीला पॉलिमर सीलंट. मेणाने एप्रिल पाहिला नाही. सीलंटच्या बाटलीवर सहा महिने लिहिलं होतं. टपावर आणि बोनटवर मे संपता संपता पाणी पसरू लागलं, दरवाज्यांवर मात्र दसऱ्यालाही थेंब गोल उभे राहत होते. त्यामुळे वरच्या आडव्या भागांना मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर एकेक हात द्यायचा हा नियम ठेवा. मात्र पाणी पसरलं म्हणजे सीलंट गेलंच असं धरू नका. बरेचदा वर क्षारांचा थर बसलेला असतो. पातळ व्हिनेगरने धुतल्यावर बोनटच्या मागच्या अर्ध्या भागावर थेंब परत उभे राहिले.

आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरतात, ते बंद करा. गाळणीने अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. धुणं बोअरच्या पाण्याने चालेल, पण शेवटचा फवारा आरओच्या शुद्ध पाण्याचा द्या. हातपंपाच्या फवारणीत दोन लिटर पुरतं. पाणी गाडीवर वाळू न देता मायक्रोफायबर टॉवेल टेकवून टिपायचं, घासायचं नाही.

आणि रोजचा फडका. काळ्या मातीची धूळ आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राकडची राख कोरड्या फडक्याखाली घासली की महिन्याभरात जाळी परत येते. धुळीने भरलेल्या गाडीवर चढवलेलं कव्हर वाऱ्याने हलतं, तेही तेच करतं. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या गावांत रिन्सलेस शाम्पू (नंतर पाण्याने धुवावा न लागणारा) सोयीचा: ८ लिटर पाण्यात ३० मिली, आधी फवारून धूळ भिजवायची, मग घडी केलेल्या टॉवेलने एकाच दिशेने, प्रत्येक पत्र्याला नवी घडी. चिखल जाड असेल तर आधी पाण्याची धार लागतेच.

कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांना उन्हाळ्यात चिकट थेंब ओळखीचे असतील. कपाशीवर मावा पडला की येतो तसलाच हा चिकटा. ताजा असताना कोमट पाण्याने निघतो, उन्हात भाजला की पुन्हा क्ले लागतो. पक्ष्यांच्या विष्ठेला तर एक दुपारही देऊ नका.

पुढच्या डिसेंबरात कंपाउंड लागणार नाही. फिनिशिंग पॅडवर सौम्य पॉलिशचा एक हात टपाला आणि बोनटला, दरवाजे फक्त धुऊन सीलंट.