घरच्या नोंदीसाठी वायुदाबमापक: पारा, तबकडी की मोबाइल?

कोकणकिनाऱ्यावर राहून हवेच्या दाबाची रोज नोंद ठेवायची असेल, तर पाऱ्याची नळी, काट्याची तबकडी असलेला निर्द्रव वायुदाबमापक आणि मोबाइलमधील संवेदक असे तीन पर्याय समोर येतात. पाऱ्याच्या नळीची अचूकता वादातीत असली, तरी पारा विषारी आहे आणि पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात अशा उपकरणांचे उत्पादन थांबवण्यासाठी २०२० ही मुदत ठरली होती. त्यामुळे घरासाठी तिचा विचार नको.

खरी निवड उरलेल्या दोहोंत आहे. निर्द्रव मापकात हवा काढून घेतलेली धातूची पातळ डबी दाबाप्रमाणे आक्रसते किंवा फुगते आणि ती हालचाल तरफांमधून काट्यापर्यंत पोहोचते. मात्र तबकडीवरील ‘स्टॉर्मी’, ‘रेन’, ‘फेअर’ ही अक्षरे युरोपच्या हवेसाठी आहेत. शिवाय पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या शहरात दाब मुळातच कमी, ९५० हेक्टोपास्कलच्या (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास असल्याने, उंचीप्रमाणे न जुळवलेला काटा लख्ख उन्हातही वादळच दाखवतो.

मोबाइलचा संवेदक याहून सूक्ष्म फरक टिपतो, पण त्याची अडचण वेगळी आहे. दर आठ मीटर उंचीमागे दाब साधारण एक हेक्टोपास्कलने घटत असल्यामुळे, खिशातला मोबाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले तरी दाब उतरलेला दिसतो. शिवाय प्रत्येक मोबाइलमध्ये हा संवेदक नसतो. तो आहे का, हे आधी पाहावे.

आपल्या अक्षांशांवर दाबाला रोजची भरती-ओहोटीही असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. म्हणून दुपारची घसरण पाहून घाबरू नये. आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशीच करावी. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन हेक्टोपास्कलची घट दिसली तर सावध व्हावे, आणि पाचची दिसली तर वादळ जवळ आहे असे जुने दर्यावर्दी धरून चालत.

एका ठिकाणच्या आकड्यावरून वारा मात्र कळत नाही, कारण वारा वाहतो तो दोन ठिकाणांच्या दाबातील फरकामुळे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे क्षेत्र साधारणपणे डाव्या हाताला असते; दाब उतरत असताना दक्षिणेचा जोरदार वारा सुटला, तर ते क्षेत्र अरबी समुद्रात आहे असे समजावे.

माझे मत तबकडीच्या बाजूने आहे. ती भिंतीवरून हलत नाही, त्यामुळे उंची बदलत नाही, आणि बॅटरी संपल्याने वहीत एखादा दिवस कोरा राहत नाही. प्रवासात किंवा घाट चढताना मोबाइल पुरेसा आहे.