केस स्टडी शिकवायचं वर्कशॉप : पैसे वसूल, पण डिस्कशनला वेळ कमी पडला

इंजिनिअरिंग नाहीतर डिप्लोमाला शिकवणाऱ्यांनी हे वर्कशॉप नक्की करा. पुण्यातल्या एका ट्रेनिंगवाल्यांचं आहे, केस स्टडी रोल-प्ले आणि ग्रुप डिस्कशनमधून कशी घ्यायची ते करून दाखवतात. केस होती भोपाळची, म्हणजे युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला त्या दुर्घटनेची. आपण काय करतो, स्लाइड लावतो, कारणं सांगतो, पोरं पाठ करतात आणि पेपरात उतरवतात, झालं.

इथे प्रत्येकाला भूमिकेचा कागद देतात, ऑपरेटर, सुपरवायझर, मॅनेजर, कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरमधला रहिवासी, आणि त्या कागदावर तेवढंच असतं जे त्या माणसाला 2 डिसेंबर 1984 च्या रात्री माहीत होतं. मला सगळ्यात आवडलं ते हेच. ज्यातून वायू सुटला त्या टाकी नंबर 610 चं प्रेशर 2 पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) 10 वर गेलेलं, पण मधेच 10:45 ला शिफ्ट बदलली, त्यामुळे नव्या ऑपरेटरच्या कागदावर नुसतं 10, आणि 10 म्हणजे तिथे नॉर्मलच. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन जूनपासून बंद आहे हे दुसऱ्याच कागदावर. आमच्यातले सुपरवायझर झालेले सर गळतीचं ऐकून सहज बोलून गेले, "चहा झाल्यावर बघू", आणि पुढच्या फेरीत कळलं की त्या रात्री खरंच तसंच ठरलं होतं. सर लगेच उसळले, आधीचं रीडिंग मला कुणी का नाही सांगितलं! तिथून चर्चा जी पेटली ती कुणाला आवरायची गरजच पडली नाही, वर्कशॉप घेणाऱ्या मॅडम मागे बसून फक्त कुणाला काय माहीत होतं ते बोर्डवर लिहीत होत्या. आणखी एक चांगलं, मरणाची अ‍ॅक्टिंग कुणी करायची नाही हे आधीच बजावलेलं, रहिवाशाने फक्त प्रश्न विचारायचे. इतकी माणसं गेली त्यात, एवढं भान हवंच.

तक्रारी आहेत. बॅच फार मोठी, एका भूमिकेत पाच-सहा जण कोंबलेले त्यामुळे अर्धे गप्पच, आणि चर्चा रंगात आली तेव्हाच जेवणासाठी थांबवली, हे अजिबात पटलं नाही. कागद सगळे इंग्रजीत, तालुक्याच्या कॉलेजात हे घ्यायचं तर मराठी कागद पाहिजेतच, ते आपल्यालाच करावे लागणार.

वर्गात करणार असाल तर सलग दोन तास मागून घ्या, एका लेक्चरमध्ये भूमिका वाटण्यातच वेळ जातो आणि डिस्कशन राहून जातं.