कॅनन जी३०२० प्रिंटर घेतला, कारण हेड घरी काढता येतं

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. तुमच्या घरी महिन्याला वीसतीस पानं प्रिंट होत असतील, त्यात पोरांचे प्रोजेक्ट, एखादा सातबारा, आधारची कॉपी, कधीतरी फोटो, आणि मधेच पंधरा पंधरा दिवस प्रिंटरकडं कुणी बघतपण नसेल, तर इंकजेट (शाईचा प्रिंटर) घेताना पानाला किती पैसे पडतात हे नंतर विचारा. आधी दुकानदाराला विचारा, याचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, सुटं होतं का? आम्ही या एका प्रश्नावर कॅननचा जी३०२० घेतला आणि सध्या तरी खूश आहे.

आता जुन्याचं. चांगल्या नावाजलेल्या कंपनीचा टँकवाला (बाटलीतून शाई टाकीत ओतायची तसला) प्रिंटर होता, नाव घेत नाही. पहिलं दीड वर्ष नाद खुळा चालला, मग मजेंटा, म्हणजे गडद गुलाबी रंग, गायब व्हायला लागला. नवरात्रात शेजारच्या काकूंना अंबाबाईचा फोटो काढून दिला तर कुंकू चक्क पिवळं, म्हणजे देवीला हळदच लावल्यासारखं. लाल रंग मजेंटा आणि पिवळा मिळून होतो, मजेंटा नाही आला की उरतो नुसता पिवळा. काकू काही बोलल्या नाहीत पण फोटो परत ठेवून गेल्या.

मग सुरू झालं ते नोझल चेक (हेडची शाईची भोकं उघडी आहेत का ते बघायचं पान), हेड क्लीनिंग, परत नोझल चेक. नोझल चेकच्या पानावर बारीक रेघांच्या पायऱ्या येतात, त्यात कुठल्या पायऱ्या गळतात ते नीट बघा कारण त्यातच सगळं कळतं. दरवेळी वेगवेगळ्या जागी रेघ तुटत असेल तर बहुतेक शाईच्या नळीत हवा शिरलेली असते, रात्रभर बंद ठेवून सकाळी बघितलं तर कधीकधी आपोआप सुटतं. पण दरवेळी त्याच त्याच रेघा गायब असतील तर शाई सुकून भोक बुजलंय. आमच्याकडं दुसरा प्रकार. आणि क्लीनिंगला शाई फुकट जात नाही असं समजू नका, ती ओढून खाली स्पंजच्या पॅडमध्ये सोडतात, ते पॅड भरत आलं की प्रिंटर लाल दिवे मिचकावून संपावर जातो. म्हणजे एक दुखणं काढायला जावं तर दुसरं मागं लागतं. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं हेड बदलावं लागेल आणि जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले तर नवीन प्रिंटर येतोय. नवीनच घ्या की साहेब, तोच म्हणाला. पटलं.

घ्यायच्या आधी जरा डोकं लावलं. इंकजेटमध्ये शाई उडवायच्या दोन तऱ्हा आहेत. एचपी आणि कॅनन शाई क्षणभर तापवतात, बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदर पिएझो वापरतात, म्हणजे करंट दिला की वाकणारा बारीक क्रिस्टल असतो, तो थेंब ढकलतो, उष्णता नाही. पिएझोचं हेड जास्त टिकतं, म्हणूनच ते मशीनमध्ये पक्कं बसवलेलं असतं. रोज प्रिंट काढणाऱ्यासाठी तेच भारी, मगवर फोटो छापणारे लोक एप्सन का धरून बसलेत तेपण यामुळंच, सब्लिमेशनच्या, म्हणजे मगवर उष्णतेनं चढवायच्या, शाईला उष्णतेनं उडवणारं हेड चालत नाही. पण आमच्यासारख्या आठवडा आठवडा न वापरणाऱ्या घरात हेड कितीही टिकाऊ असू दे, भोकात शाई सुकली की त्या टिकाऊपणाचं लोणचं घालायचं का? तापवणारं हेड झिजतं, मान्य, पण ते सुटं मिळतं, बसलं तर आपण काढतो, नवीन लावतो.

सुटं हेड सगळ्यात सोपं मिळतं ते एचपीच्या साध्या कार्ट्रिजवाल्या डेस्कजेटमध्ये, ८०३ नंबरची कार्ट्रिज वगैरे, तिथं हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, नवीन कार्ट्रिज म्हणजे नवीन हेड. पण काळी कार्ट्रिज जेमतेम दोनशे पानांची, आमच्या पोरीचा एक प्रोजेक्ट झाला की संपली. म्हणून टँकही पाहिजे आणि सुटं हेडही पाहिजे, त्यात उरले एचपीचे स्मार्ट टँक आणि कॅननची जी सिरीज. लेझरचापण विचार झाला, टोनर पावडर असते, ती सुकायचा प्रश्नच नाही, सहा महिने हात नाही लावला तरी पहिलं पान स्वच्छ. फक्त काळं लागत असेल तर डोळे झाकून लेझर घ्या. आम्हाला रंगीत लागतं आणि रंगीत लेझर परवडत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत तीनचार दुकानं फिरलो. एकानं ऑफर आहे म्हणून सरळ बिलच करायला घेतलं. दुसऱ्यानं मात्र, वयस्कर गृहस्थ, चष्मा कपाळावर, हेडचं विचारल्यावर डेमोचा पीस उघडून झाकण वर केलं आणि दाखवलं, हे बघा दोन हेडं, एक काळ्याचं एक रंगाचं, पण उगाच काढायचं नाही हं, कंपनी सांगते गरज असली तरच काढा. त्याच्याकडूनच घेतला. दुसरीकडं दोनतीनशे कमी झाले असते, चालतंय.

जी३०२० चं आणखी एक आवडलं, वाया जाणारी शाई ज्यात जाते तो मेंटेनन्स कार्ट्रिज स्क्रू काढून घरी बदलता येतो, म्हणजे त्या लाल दिव्यांसाठी मशीन काखेत मारून सर्व्हिस सेंटरला जायला नको. काळी शाई पिगमेंट (बारीक कणांची), १३५ मिलीची बाटली, रंगीत डाय (पाण्यात विरघळणारी), ७० मिलीच्या. याचा फरक मी नळाखाली धरून बघितला. सातबाऱ्याची काळी अक्षरं जागची हलली नाहीत, खालचा रंगीत लोगो ओघळला. पावसाळ्यात तलाठ्याकडं कागद घेऊन जाणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. फोटो चांगले येतात, स्टुडिओसारखे नाही. वायफायवरून मोबाईलनं प्रिंट जातं, आईपण आता काढते.

काय नाही तेपण सांगतो. दोन्ही बाजू आपोआप छापत नाही, पान हातानं उलटायचं. वर कागद ओढून स्कॅन करणारा फीडर नाही. कागद मागून उभा घालायचा, त्यामुळं धूळ थेट आत, आईनं जुन्या साडीचं कव्हर शिवलंय ते घालतो. धूळ, झुरळं, पाली याची जास्तच भीती असेल तर ब्रदरचा टी४२० डब्ल्यू बघा, त्याचा ट्रे खाली बंद असतो, काळी शाई तिथंपण पिगमेंटच, पण हेड पक्कं.

आणि एक, जे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. आपल्याकडं घरोघरी प्रिंटर भिंतीवरच्या बटणानं बंद करतात. तसं केलं आणि हेड मधेच असलं तर ते आपल्या जागेवर रबरी टोपीखाली जात नाही, उघडं राहतं आणि एप्रिल मेच्या उन्हाळ्यात शाई कडक. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा, घरघर थांबू द्या, मग भिंतीचं. रविवारी एक रंगीत पान काढा, काही नसेल तर नोझल चेक काढा, त्याला शाई अगदी थोडी जाते. जुलैऑगस्टला कागदाचं पॅकेट उघडं ठेवू नका, पंचगंगेला पाणी चढतंय तेव्हा घरातला कागदपण दमट होतो, वाकतो आणि अडकतो, मग लोक म्हणतात प्रिंटर खराब.

शाई ओरिजिनल घेतोय. बाहेरच्या शाईनं हेड बसलं तर वॉरंटीत भांडायला तोंड राहत नाही, आणि या टँकवाल्यांची वॉरंटी बऱ्याचदा वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते अशी असते, बिलावर नीट वाचून घ्या. जीएसटीचं पक्कं बिल मागा, साधी पावती नको.